तारापूरचं अणुवीज केंद्र आणि आपण मुंबईकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर पालघरजवळच्या सातपाटीचं, मच्छीमारांच्या गावचं; सासर बोरिवलीचं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे तारापूरचा विषय निघाला की सोसायटीच्या गच्चीवर काय, विरार लोकलच्या लेडीज डब्यात काय, माना माझ्याकडेच वळतात. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही ठिकाणी माझं मतही आलंय. ते मत म्हणूनच घ्या.

तारापूर मुंबईपासून किती लांब आहे?

चर्चगेटपासून सरळ रेषेत उत्तरेला साधारण १०० किलोमीटर, बोरिवलीपासून सत्तरच्या आसपास. जवळचं स्टेशन बोईसर. तिथे चार भट्ट्या आहेत. पहिल्या दोन अमेरिकन बनावटीच्या, उकळत्या पाण्याच्या. त्या ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाल्या. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती, ती पुढे १६० वर आणली. तिसरी आणि चौथी देशी, जड पाण्याच्या (ज्या पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचं जड रूप असतं), प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. चौथी आधी म्हणजे २००५ मध्ये सुरू झाली आणि तिसरी २००६ मध्ये. हा उलटा क्रम वाचून छपाईची चूक समजू नका. जुन्या दोन्ही भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या.

पण मुंबईतच अणुभट्टी आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. अप्सरा १९५६ मध्ये सुरू झाली, सायरस १९६० मध्ये सुरू होऊन २०१० अखेर कायमची बंद झाली आणि ध्रुव १९८५ पासून आहे. या संशोधनाच्या भट्ट्या, त्यातून वीज होत नाही. ध्रुवची क्षमता १०० मेगावॉट उष्णता, तारापूरच्या एका मोठ्या भट्टीची उष्णता १७०० च्या घरात (वर दिलेले ५४० हे त्यातून होणाऱ्या विजेचे). तेव्हा आकाराने ती बरीच लहान, पण चेंबूर-मानखुर्दच्या कुशीत. एक गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. २००० सालापासून भाभा केंद्राच्या सुविधांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख नाही. ते काम केंद्राच्या अंतर्गत समितीकडे आहे. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

भट्टीचा अणुबाँबसारखा स्फोट होईल का?

नाही. युरेनियमच्या बाँबला ९० टक्क्यांच्या आसपास समृद्ध केलेलं, म्हणजे फुटणारा युरेनियम-२३५ तेवढ्या प्रमाणात असलेलं, युरेनियम लागतं. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत ते दोन-तीन टक्के असतं, नव्या दोघींत तर निसर्गात मिळतं तेच, ०.७ टक्क्याचं. जपानच्या फुकुशिमात जे स्फोट टीव्हीवर दिसले ते हायड्रोजन वायूचे होते. पण बाँब होणार नाही एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं, त्यांनी पुढचं उत्तर जरूर वाचावं.

मग खरी भीती कशाची?

भट्टी बंद झाल्यानंतरच्या उष्णतेची. विद्यार्थ्यांना मी सांगायचे, चूल विझवली तरी निखारे असतात. इथले निखारे दिवसेंदिवस धगधगत राहतात आणि त्यांच्यावर पाणी ओतून ते विझत नाहीत, फक्त निवत राहतात. भट्टीतली साखळी प्रक्रिया दोन-तीन सेकंदांत थांबवता येते. पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं विघटन पावत राहतात. त्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता चालूच असते. १७०० मेगावॉटच्या भट्टीत म्हणजे शंभराहून जास्त मेगावॉट. दिवसभराने ती एक टक्क्याच्या खाली येते, तरी आठ-दहा मेगावॉट उरते आणि महिनोन्‌महिने रेंगाळते. तोवर पाणी फिरत राहिलं पाहिजे. पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते.

फुकुशिमाला नेमकं इथेच गाडं अडलं. ११ मार्च २०११ च्या ९.० तीव्रतेच्या भूकंपात भट्ट्या नीट बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. पाऊण-एक तासाने १४-१५ मीटरची लाट आली. केंद्राने हिशेब धरला होता ५.७ मीटरचा. जनरेटर आणि विजेचे बोर्ड तळघरात होते, ते बुडाले. पुढचं जगाने पाहिलं.

आपल्याकडेही असा एक प्रसंग होऊन गेलाय. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनला आग लागली, केबल जळाल्या आणि सतरा तास वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी आगीच्या बंबाचे डिझेल पंप वापरून पाणी सोडलं आणि निभावलं. त्या लोकांचा सत्कार चौकाचौकांत व्हायला हवा होता. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

तारापूरच्या जुन्या भट्ट्या फुकुशिमासारख्याच आहेत ना?

गोत्र तेच: जनरल इलेक्ट्रिकची रचना, उकळत्या पाण्याची भट्टी. आणि तारापूर फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीपेक्षाही थोरली. २००५-०६ मध्ये तिथे नवे आपत्कालीन जनरेटर आणि एक वेगळा पूरक नियंत्रण कक्ष आला. फुकुशिमानंतर देशभरातल्या भट्ट्यांची तपासणी होऊन बाहेरून पाणी जोडता येईल अशा जोडण्या आणि फिरते डिझेल पंप ठेवायचं ठरलं. ही कामं चांगली आहेत. तरीही एवढ्या जुन्या भट्टीबद्दल मी हात आखडता घेऊनच बोलेन. नळ बदलता येतात, जनरेटर बदलता येतो. पण खुद्द दाबपात्र, म्हणजे ज्या पोलादी भांड्यात इंधन असतं ते, बदलत नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद ठिसूळ होत जातं. त्यासाठी आत नमुन्याचे तुकडे ठेवून ते अधूनमधून तपासतात. 'भट्टी नूतनीकरणानंतर सुरक्षित आहे' हे वाक्य छापून येतं, या तुकड्यांच्या चाचण्यांचे आकडे छापून येत नाहीत. माझी तक्रार तेवढीच आहे.

अरबी समुद्रात त्सुनामी येते का?

आली आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. लाट मुंबईपर्यंत पोचली, सुमारे दोन मीटरची, आणि इथे माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. म्हणजे 'अरबी समुद्रात असलं काही होत नाही' हे खरं नाही. पण जपानजवळ भ्रंश किनाऱ्याला लागून आहे. मकरान आपल्यापासून दूर आहे, त्यामुळे इशाऱ्याला काही तास मिळतात.

२६ डिसेंबर २००४ ला तामिळनाडूतल्या कल्पक्कमच्या केंद्रात त्सुनामीचं पाणी पंपघरात घुसलं. चालू भट्टी लगेच बंद केली गेली आणि भट्टीला काही झालं नाही. मात्र तिथल्या वसाहतीत माणसं दगावली. भट्टी उंचावर होती, घरं नव्हती.

मला त्सुनामीपेक्षा पावसाची काळजी जास्त वाटते. जून १९९४ मध्ये गुजरातच्या काक्रापारला शेजारच्या तलावाचं पाणी तुंबून टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. समुद्राकडे भिंत बांधून बसायचं आणि पाणी मागच्या दाराने यायचं, हे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. त्या दिवशी भरती होती म्हणून मिठी तुंबली. भरती आणि ढगफुटी एकाच वेळी आली तर काय, हा प्रश्न प्रत्येक किनारी केंद्राला विचारला पाहिजे.

डहाणू-तलासरीला सतत हादरे बसतात. त्याचं काय?

नोव्हेंबर २०१८ पासून ते सुरू आहेत. मोठ्यातला मोठा चारच्या थोडा वर होता. कच्च्या भिंतींच्या पाड्यांवर माणसं कडाक्याच्या थंडीत तंबूत झोपली. चारचा भूकंप अणुभट्टीला हलवत नाही. तिचा आराखडा याच्या कितीतरी पट जास्त धक्क्यासाठी असतो. पण या मालिकेने एक दाखवलं की 'इथली जमीन शांत आहे' हे गृहीत धरून चालत नाही. कोयनाही १९६७ पर्यंत शांतच मानली जात होती.

केंद्राचं गरम पाणी समुद्रात सोडतात, त्याने मासे मरतात का?

हा प्रश्न मुंबईत मला क्वचित कुणी विचारतं. सातपाटीला गेले की पहिला हाच येतो. आणि माझ्या मते रोजच्या जगण्याशी सर्वांत जास्त संबंध याचाच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

अणुवीज केंद्रात तयार होणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश वीज होते. बाकीची फेकून द्यावी लागते. किनाऱ्यावर केंद्र बांधतात ते त्यासाठीच. ५४० मेगावॉटच्या एका भट्टीला साधारण ११००-१२०० मेगावॉट उष्णता समुद्रात सोडावी लागते. समुद्राचं पाणी सात अंशांनी तापवायचं धरलं तर सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या आसपास पाणी आत घेऊन बाहेर सोडावं लागेल. म्हणजे आपल्या सोसायटीत येतात तसे दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला. दिवसाचा हिशेब केला तर महापालिका अख्ख्या मुंबईला जेवढं पाणी पुरवते त्याच्या जवळपास. एका भट्टीचं.

जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा बेत आहे. तिथला आकडा दिवसाला सुमारे ५२०० कोटी लिटर सांगितला जातो. मुंबईच्या रोजच्या पाण्याच्या बारा-तेरा पट. शेजारच्या साखरी-नाट्याचे मच्छीमार का पेटून उठले ते या एका आकड्यावरून कळतं. एप्रिल २०११ मध्ये तिथे गोळीबार झाला आणि एका मच्छीमाराचा जीव गेला.

आता माशांचं. मोठा मासा गरम पाणी टाळून निघून जातो. अंडी आणि पिल्लं कुठे जाणार? ती पाण्याबरोबर पंपात खेचली जातात. आत नळ्यांवर कालवं-शिंपले चिकटू नयेत म्हणून क्लोरीन सोडतात, वर उष्णता. जी बाहेर पडतात त्यांतली किती जगतात हे प्रजातीप्रमाणे बदलतं. शिवाय पाणी २८ वरून ३५ अंशांवर गेलं की त्यात विरघळणारा प्राणवायू दहाव्या हिश्शाएवढा कमी होतो. आपल्या उष्ण समुद्रातले जीव आधीच सोसण्याच्या वरच्या टोकाशी असतात. युरोपातल्या थंड समुद्रात सात अंशांनी जे होत नाही ते इथे होऊ शकतं, म्हणून तिकडचे दाखले इथे चालत नाहीत.

समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांसाठी आपल्या नियमात हीच सात अंशांची मर्यादा आहे. दिलाशाची बाब म्हणजे पालघरच्या किनाऱ्याला भरती-ओहोटी जोरदार, पाणी लवकर मिसळतं. गरम पाण्याचा पट्टा केंद्राच्या आसपासच राहतो, तो डहाणूपासून अर्नाळ्यापर्यंत पसरलेला नसतो.

तेव्हा 'म्हावरं गेलं ते तारापूरमुळे' असं मी म्हणणार नाही, माझ्या भावांनाही हे मी तोंडावर सांगते. पर्ससीन आणि बारीक आसाची जाळी, एमआयडीसीचं रसायनी सांडपाणी, तापत चाललेला समुद्र, आणि आता वाढवण बंदराचा भराव, असे वाटेकरी बरेच आहेत. सांडपाण्यासाठी तर मच्छीमार समाज हरित लवादापर्यंत गेला. पण वाटेकरी अनेक आहेत म्हणून एकाने आपला वाटा मोजायचाच नाही, असं होत नाही. केंद्राभोवतीच्या पाण्यात सुरक्षेसाठी होड्यांना मज्जाव असतो. किनाऱ्यालगतची मासेमारी गेली ती छोट्या होडीवाल्याची. मोठा ट्रॉलर काय, पुढे जातो.

बोंबील, पापलेट खावेत की नाही?

खावेत. मी खाते, सातपाटीचा सरंगा, म्हणजे पापलेट, मिळाला तर भाव न विचारता खाते. आणि २०२३ पासून तो राज्य मासा आहे म्हणून नव्हे.

केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती मासे, दूध, गवत, पाणी यांचे नमुने तपासते. सामान्य माणसाला केंद्रामुळे वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक) जास्त मात्रा मिळू नये अशी मर्यादा आहे. निसर्गातून जगात सरासरी २.४ मिळतेच. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सात-आठ तरी मिळते. जड पाण्याच्या भट्ट्यांतून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, बाहेर पडतं. ते पाण्यातच मिसळतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षं. शरीरातलं बरंचसं काही आठवड्यांत लघवीवाटे निघून जातं. माशात साठून राहणारी भीती सीझियमची असते आणि ते चालू, धडधाकट केंद्रातून नगण्य निघतं.

जवळ राहणाऱ्यांना कर्करोग जास्त होतो का?

जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केंद्रांपासून पाच किलोमीटरच्या आतल्या, पाच वर्षांखालील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. तिथला किरणोत्सार इतका कमी होता की त्याने हे व्हावं असं गणित बसत नाही. कारण आजवर सापडलेलं नाही. भारतात अशी सर्वेक्षणं टाटा मेमोरियलच्या मदतीने झाली आणि त्यांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. टाटाच्या डॉक्टरांबद्दल मुंबईत कुणाला शंका असेल असं वाटत नाही, मला तर नाहीच. पण ती संस्थाही अणुऊर्जा विभागाखालीच येते. पेपर काढणारा आणि तपासणारा एकाच घरातला असला की चांगल्या मार्कांवरही लोक बोलतात. बाहेरच्या विद्यापीठाने एकदा स्वतंत्रपणे मोजावं, विभागाचाच फायदा आहे.

कचरा कुठे जातो?

बराचसा तारापूरलाच. वापरलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या टाक्यांत निवतं. मग त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम वेगळं काढतात. तो कारखानाही तिथेच आहे. उरलेला अतिकिरणोत्सारी अर्क काचेत ओतून घट्ट करतात. काचेचं तंत्र उत्तम आहे, जग तेच वापरतं. कायमचं पुरायची खोल जागा मात्र भारतात अजून नाही. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, प्लुटोनियम-२३९ चं २४ हजारांहून जास्त. म्हणून कुणी 'तारापूरचा धोका' म्हटलं की चारच भट्ट्या डोळ्यांसमोर आणू नका. इंधनाच्या टाक्याही धरा.

उद्या मोठा अपघात झालाच तर मुंबईकरांनी पळायचं का?

नाही. आपत्कालीन योजना केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरसाठी असते. चेर्नोबिलचा निषिद्ध पट्टा ३० किलोमीटरचा, फुकुशिमात लोक हलवले ते २० किलोमीटरमधले, शिवाय वाऱ्याच्या दिशेतली पुढची काही गावं. बोरिवली सत्तरवर आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गावर एकदम लाखभर गाड्या उतरल्या तर अपघात तिथेच होतील.

मुंबईत लक्ष ठेवायचं ते खाण्यापिण्यावर. चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः दुधातल्या आयोडीन-१३१ मुळे. त्याचं अर्धायुष्य आठ दिवस. म्हणजे काही आठवडे पालघरकडचं दूध आणि पालेभाजी टाळायची सूचना आली तर ती पाळायची. थंडीत वारे उत्तरेकडून वाहतात, तेव्हा घरात राहून खिडक्या बंद ठेवा असंही सांगितलं जाऊ शकतं. आयोडीनच्या गोळ्या प्रशासनाने सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. बीटाडीन गळ्याला चोपडून काहीही होत नाही, आणि ते पिणं धोक्याचं आहे.

आणि १६ किलोमीटरच्या आतल्या लोकांनी?

घिवली, दांडी, नवापूर, चिंचणी, बोईसर, सातपाटी, सगळे आत येतात. केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या लोकांना हलवायची वेळ आली तर सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असतात. दर दोन वर्षांनी रंगीत तालीम व्हायची असते. आमच्या घरी दुपारच्या वेळी पुरुष समुद्रात असतात आणि बायका मासळीच्या टोपल्या घेऊन लोकलमध्ये. पोरं शाळेत, म्हातारी माणसं घरी. कुठल्या बसने, कुठे, कोण कुणाला शोधणार? खोल समुद्रातल्या होडीला कोण कळवणार? योजना कागदावर कितीही देखणी असली तरी तिची भाषा मांगेली बोलणाऱ्या आजीला कळली पाहिजे.

केंद्रावर लक्ष कोण ठेवतं?

अणुऊर्जा नियामक मंडळ. स्थापना १९८३, कार्यालय मुंबईतच, अणुशक्तिनगरला. केंद्रं चालवणाऱ्या महामंडळाचं मुख्यालयही अणुशक्तिनगरलाच. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या स्वायत्ततेवर स्पष्ट ताशेरे ओढले. त्याआधी, १९९० च्या दशकात, मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी सुरक्षेच्या त्रुटींची मोठी यादी केली होती. ती जाहीर झाली नाही.

याच तालुक्यांच्या पट्ट्यात एक वेगळा नमुना घडून गेलाय आणि तो आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. डहाणूला ५०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. चिकूच्या बागायतदाराने तक्रार करावी, कंपनीच्या वकिलाने उत्तर द्यावं, अशा सुनावण्या तिथे चालत. धुरातलं गंधक काढणारं यंत्र बसवायला कंपनी चालढकल करत होती, प्राधिकरणाने ते बसवूनच घेतलं. कोळशाच्या केंद्राला गावकऱ्यांसमोर बसून उत्तरं द्यायला लावता येतात, तर वीसेक किलोमीटरवरच्या अणुकेंद्राला का नाही? गुपितं राखायची ती राखा. पाण्याचं तापमान हे काही गुपित नव्हे.

नुकसानभरपाई किती मिळेल?

२०१० च्या कायद्यात केंद्रचालकाची जबाबदारी १५०० कोटींवर थांबत होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि हा २०१० चा, दोन्ही बाजूला सारले आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. भरपाईला मर्यादा आजही आहे. अक्करपट्टी आणि पोफरणचे लोक तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवले गेले, ते अपघाताविनाच वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. यावरून अंदाज बांधा.

तुम्ही अणुविजेच्या विरोधात आहात का?

नाही. धूर नाही, राख नाही, पावसाळ्यातही रात्रंदिवस वीज, हे मला कळतं. चालू केंद्र नीट चालावं या बाजूची मी आहे.

माहिती मागायची तर कशी?

माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, ऑनलाइनही भरता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'केंद्र सुरक्षित आहे का' असं विचारू नका, 'होय' एवढंच उत्तर येईल. राष्ट्रीय सुरक्षेचं कलम पुढे करता येईल असं काही मागू नका. आकडे मागा: गेल्या बारा महिन्यांतलं आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या पाण्याचं रोजचं तापमान, सोडलेल्या पाण्यातलं क्लोरीन, ट्रिटियमचं मासिक प्रमाण, माशांचे नमुने कुठून घेतले त्या जागा, आणि शेवटची रंगीत तालीम कुठल्या गावात, किती वाजता झाली आणि किती लोक खरोखर हलवले. वेळ नक्की विचारा. त्या वेळी भरती होती की ओहोटी ते पंचांगात बघून आमच्याकडची माणसं लगेच सांगतील, होड्या बंदरात होत्या की बाहेर.